सोमवारची पोटदुखी

दिवाळीच्या सुटीचे शेवटचे दोन दिवस बहुतेक घरांतून सारखेच जातात. चकल्यांचा डबा तळाला गेलेला असतो, किल्ल्यावरच्या मावळ्यांचे हात मोडलेले असतात, सुटीच्या अभ्यासाची वही मात्र अजून कोरी करकरीत असते. अशा वेळी एखाद्या घरी एखादे मूल काही न बोलता अर्ध्या जेवणावरून उठते, आणि शाळा उघडायच्या दिवशी सकाळी त्याचे पोट दुखू लागते. ह्या पोटदुखीकडे आपल्या आणि इतरांच्या लेखकांनी कोणत्या नजरेने पाहिले आहे, ह्याचा थोडा विचार मला येथे करायचा आहे.

विषय किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. प्रेमभंगाला, दारिद्र्याला, देशभक्तीला आपल्या समीक्षेत मानाचे पाट आहेत. लहान मुलाच्या पोटदुखीला ओसरीवरसुद्धा जागा नाही. परंतु मी पेशाने बालवाडीची शिक्षिका. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आता ज्याला दहावी म्हणतात तेवढेच. कादंबऱ्या लिहिण्याचा नाद मात्र आहे. त्यामुळे सकाळी शाळेच्या फाटकाशी जे दिसते आणि रात्री पुस्तकात जे वाचते, त्यांची तुलना माझ्या मनात आपोआप होत राहते. ह्या तुलनेतून माझी एक तक्रार तयार झाली आहे. गोष्टीतले मूल शाळेत जात नाही तेव्हा त्याला त्याचे कारण पक्के ठाऊक असते. प्रत्यक्षातल्या मुलाला ते बहुधा ठाऊक नसते. आणि गोष्टी वाचून वाढलेले आपण मोठे लोक त्या मुलापाशी पहिल्याच सकाळी कारण मागतो.

प्रथम विनोदी लेखकांचे पाहू, कारण शाळा चुकवणारा मुलगा हा त्यांचा फार जुना दोस्त. शेक्सपिअरने माणसाच्या सात अवस्था मोजल्या, त्यांत दुसऱ्याच अवस्थेतल्या शाळकरी पोराला त्याने कुरकुरत, पाय ओढत चालायला लावले आहे. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर १८७६ सालचा. त्याचा सोमवार उजाडतो तोच दुःखात. आज आजारी पडता आले तर किती बरे, म्हणून तो आपल्या अंगाची पायापासून तपासणी करतो, दुखऱ्या अंगठ्यावर भिस्त ठेवून कण्हू लागतो, आणि शेवटी हालणारा दात मावशीकडून उपटून घेऊन शाळेत जातो. आमच्याकडे मंगेश पाडगावकरांच्या गाण्यातले पोर भोलानाथाला पावसाबद्दल विचारते ते शेतकऱ्याच्या काळजीने नव्हे, शाळेभोवती तळे साचावे म्हणून. द. मा. मिरासदारांच्या शाळेच्या कथा तर घरात मोठ्याने वाचायच्या आणि सर्वांनी मिळून हसायचे, असाच अनेक घरांचा रिवाज आहे. हे सारे लेखन मला प्रिय आहे. त्यात खोटे काही नाही. टॉमला शाळा नको आहे, नदी हवी आहे. तो खोटे बोलतो आणि आपण खोटे बोलतो हे त्याला माहीत असते. वाचकालाही माहीत असते. म्हणून तर हसू येते.

पण ही एका जातीची मुले झाली. दुसरी एक जात आहे. मराठीत पहिल्या जातीसाठी शब्दांची लयलूट आहे: दांडी मारणे, बुट्टी मारणे, शाळा चुकवणे, उनाडणे. दुसरीसाठी शब्दच नाही. दांडी मारणारा मुलगा दप्तर घेऊन घरातून वेळेवर निघतो आणि शाळेत पोचत नाही. आईबापांना पत्ता नसतो. दुसऱ्या जातीचे मूल घरातून निघतच नाही. आईबापांच्या डोळ्यांदेखत ते उंबऱ्याशी खिळते, रडते, ओकते, थरथरते. नदीवर जायचे, पतंग उडवायचा असा त्याचा काही बेत नसतो. शाळा बुडाल्याचे दुःख त्यालाच सर्वांत जास्त असते. पुष्कळदा ते वर्गातले शहाणे, नीटनेटके, बाईंचे लाडके मूल असते.

वैद्यकशास्त्राने हा भेद बराच पूर्वी ओळखला. अमेरिकेत ब्रॉडविन ह्यांनी १९३२ साली अशा मुलांची वेगळी नोंद केली. १९४१ साली अॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘शाळेची भीती’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांचे लक्ष शाळेपेक्षा घराकडे अधिक होते, कारण अशा मुलांना मास्तरापेक्षा आईपासून दूर जाण्याचे भय वाटते असे त्यांना दिसले. पुढे १९६९ साली इंग्लंडमधल्या बर्ग ह्यांनी सहकाऱ्यांसह ह्या मुलांची लक्षणे नेमकी मांडली: शाळेत जाणे अतिशय कठीण होणे, त्या वेळी मनाचा मोठा क्षोभ होणे, आईबापांच्या माहितीने घरीच राहणे, आणि चोरीमारी, भटकणे असले काही नसणे. आता ‘भीती’ हा शब्दही मागे पडला आहे, कारण दर वेळी भीतीच असते असे नाही. हा स्वतंत्र रोगही मानला जात नाही. ताप जसा अनेक दुखण्यांचा निरोप घेऊन येतो, तसेच हे.

असो. शास्त्राने ओळखलेली ही दुसरी जात वाङ्मयात कितपत आली आहे?

मराठी घरात भित्र्या मुलाची गोष्ट म्हटली की पहिली आठवते ती ‘श्यामची आई’मधली पोहण्याची. साने गुरुजींचे हे पुस्तक १९३५ साली निघाले, आणि पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला शिंपटीने मारीत विहिरीवर धाडणारी आई तेव्हापासून आपल्या मनात घर करून आहे. श्याम पोहायला शिकतो. मग आई त्याला जवळ घेऊन आपण का मारले ते सांगते. कोणा वडीलधाऱ्यांशी शाळेच्या रडण्याबद्दल बोलायला जावे, तर ते हटकून हाच दाखला देतात: ‘‘श्यामच्या आईने काय केलं?’’ त्या प्रकरणाचे वाङ्मयीन मोल मी कमी लेखीत नाही. मराठी गद्यात इतके साधे आणि इतके भिडणारे लेखन थोडे आहे. पण तो दाखला येथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे त्या प्रकरणातच लिहिलेले आहे. श्यामला कशाची भीती वाटते हे आईला ठाऊक आहे, श्यामला ठाऊक आहे, साऱ्या आळीला ठाऊक आहे. भीती पाण्याची आहे. पाणी समोर आहे. एकदा उडी मारली, बुडालो नाही असे पाहिले, की ती संपते. शाळा ही अशी विहीर नाही. ती रोज आहे, पाच-सहा तास आहे, आणि तीत नेमके काय खोल आहे हे उडी मारणाऱ्यालाही दिसत नसते. शिवाय श्यामची आई मारून झाल्यावर मुलाशी बोलली. दाखला देणारे तेवढा भाग बहुधा विसरतात.

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ह्याच पुस्तकाचा चित्रपट केला आणि त्यात छडीचे गाणे घातले. ते पुस्तकापेक्षाही अधिक तोंडी बसले. मुले ते आनंदाने नाचत म्हणतात, ही त्यातली मौज. आता छडीला कायद्यानेच बंदी आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे दोन्ही मना केले. गाणे मात्र राहिले आहे. राहू द्या, चाल चांगली आहे.

रवींद्रनाथांकडे वळताना मला संकोच वाटतो, कारण बंगाली मला येत नाही आणि त्यांचे सारे मी भाषांतरातून वाचले आहे. शाळेशी न जमलेल्या मुलांचे ते जणू कुलदैवत. ‘जीवनस्मृती’त त्यांनी सांगितले आहे की, मोठी मुले शाळेत जाताना पाहून आपण जाण्यासाठी रडलो, तेव्हा घरच्या मास्तरांनी एक चपराक देऊन बजावले की, आज जाण्यासाठी रडतोस, पुढे न जाण्यासाठी ह्याहून जास्त रडशील. भविष्य खरे ठरले. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा शाळा झाल्या. एकीतही मन लागले नाही. घरी आल्यावर हा मुलगा व्हरांड्याच्या कठड्याच्या गजांना विद्यार्थी करी आणि हातात छडी घेऊन त्यांना बडवी. मला हा तपशील फार मार्मिक वाटतो. शाळेने त्याला काय शिकवले, ते त्या गजांनी पाहिले. ‘छेलेबेला’त, म्हणजे १९४० सालच्या बालपणीच्या आठवणींत, आजारी पडण्याचे प्रयत्न आहेत: बूट पाण्यात भिजवून हिंडणे, गच्चीवर दवात पडून राहणे. पण प्रकृती इतकी ठणठणीत की साधा खोकला येईना! मग पोट दुखते असे आईला सांगायचे; आई मनात हसायची आणि शिकवणीला सुटी मिळायची.

हे वाचताना आपल्यालाही हसू येते. लिहिणारा ऐंशीच्या घरात आलेला, जगाने डोक्यावर घेतलेला कवी आहे. स्वतःच्या लहानपणाकडे तो लोभाने पाहतो आहे. येथेच वाचकाच्या मनात एक घोटाळा होतो. शाळेशी न जमलेला हा मुलगा पुढे रवींद्रनाथ ठाकूर झाला, १९०१ साली शांतिनिकेतनात त्याने स्वतःची शाळा काढली, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे त्याच्या शाळा सोडण्याला उजेड चढतो. पण आमच्या फाटकाशी रडणारे पोर रवींद्रनाथ होणार नसते. ते पुढे पोस्टात लागेल, दुकान चालवील, कदाचित माझ्यासारखे बालवाडीत शिकवील. त्याच्या रडण्याला तेवढाच मान मिळावा की नाही?

‘तारे जमीन पर’ ह्या २००७ सालच्या चित्रपटाबद्दलही माझा आक्षेप हाच. ईशान शाळेला बुट्टी मारून मुंबईभर एकटा हिंडतो आणि मग मोठ्या भावाकडून खोटी चिठ्ठी मागतो, तो भाग अस्सल आहे. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात, हे निदानही खरे आहे, आणि त्या चित्रपटाने कितीतरी आईबापांचे डोळे उघडले हे मी फाटकाशी उभी राहून पाहिले आहे. पण शेवटी मुलाला चित्रांच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळवून द्यावाच लागतो. दुसरा नंबर आला असता तर? मुळीच आला नसता तर? चित्रपट त्या प्रश्नाला सामोरा जात नाही. त्याच्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. आता पालक शाळेत येतात ते हे विचारत, की आमच्या मुलात कोणता गुण दडला आहे. गुण सापडला म्हणजे रडण्याचे कारण सापडले आणि हिशेब मिटला, अशी एक समजूत होऊन बसली आहे.

ह्या साऱ्यांच्या उलट मला एक लहानशी गोष्ट दिसते, आर. के. नारायण ह्यांची ‘फादर्स हेल्प’. नारायण ह्यांचा स्वामी दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’मुळे १९८६ पासून मराठी घरांतून ओळखीचा आहे. इंग्रजी माझे बेतासबात. शेजारी कोश ठेवून मी ही गोष्ट वाचली, आणि दुसऱ्यांदा कोश न घेता वाचली.

गोष्ट अशी. सोमवारची सकाळ. स्वामीचे डोके दुखते. आई म्हणते, नको जाऊस. वडील म्हणतात, ऊठ आणि जा. एकाच सकाळी, एकाच घरात, दोन निकाल. आता उशीर झाला, सॅम्युअल मास्तर उशिरा येणाऱ्यांना फार मारतात, असे स्वामी सांगतो आणि सांगता सांगता मास्तरांना राक्षस करून सोडतो. वडील तडक हेडमास्तरांना पत्र लिहितात, पाकीट बंद करून मुलाच्या हाती देतात. वाटेत स्वामीला कोडे पडते. सॅम्युअल मास्तर खरोखरच वाईट आहेत का? तो त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहतो. ठरत नाही. मग तो असे करतो की, पत्र संध्याकाळी द्यायचे आणि तोवर मास्तरांनी पत्राला शोभेल असे काही करावे म्हणून त्यांची कुरापत काढायची. मास्तर सौम्य निघतात. फार छेडल्यावर एकदाच्या छड्या बसतात, आणि पोरगा त्या जवळजवळ समाधानाने खातो. पत्र द्यायला जावे तर हेडमास्तर रजेवर, आणि त्यांच्या जागी साहाय्यक हेडमास्तर म्हणून साक्षात सॅम्युअल! पत्र तसेच घरी परत येते. वडील समजतात, पोरगा भ्याला. ते पत्र फाडतात आणि तुला तुझा सॅम्युअलच योग्य, अशा अर्थाचे बोलून मोकळे होतात.

वरवर पाहता हा विनोद टॉम सॉयरच्याच घराण्यातला. पण नारायण एक पायरी खाली उतरले आहेत. टॉमला आपले खोटे ठाऊक आहे. स्वामीला ठाऊक नाही. वडिलांनी कारण मागितले, म्हणून त्याने हाताशी आले ते दिले. दिल्यावर ते त्याच्याच अंगावर चालून आले, आणि ते खरे करून दाखवण्यासाठी त्याला दिवसभर राबावे लागले. सोमवारी सकाळी त्या मुलाला नेमके काय होत होते, हे गोष्टीत शेवटपर्यंत कळत नाही. लेखकाने ते सांगितले नाही हा गोष्टीचा दोष मानणारे टीकाकार असतील. मला तोच तिचा प्राण वाटतो. आणखी पाहा: ह्या वडिलांनी मुलाला शाळेत पाठवले, पत्र पाठवले, स्वतः मात्र ते गेले नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर आठवतो. १९५५ सालच्या त्या कादंबरीत शाळेला नको म्हणणारे एक मूल नाही, सारे गाव आहे. पोरे मेंढरांमागे जातात, शाळा ओस. त्या पोरगेल्या मास्तराने वरच्या कचेरीला पत्रे लिहीत बसायला हरकत नव्हती. तो कारभाऱ्याकडे जातो, माणसांत जातो, त्यांची कामे करतो. मग पोरे येतात. दोन्ही लेखकांनी ही तुलना मनात धरून लिहिले असेल असे नाही, पण ती पुस्तके शेजारी ठेवली की दिसते.

आता फाटकाकडचे थोडे सांगते. आमच्या इमारतीत खाली बालवाडी, वर चौथीपर्यंतचे वर्ग. जूनच्या मध्यावर बालवाडीत रडण्याचा जो कल्लोळ उठतो तो आठ-पंधरा दिवसांत शमतो. त्याचे काही विशेष नाही. पण दुसरीतला एक मुलगा, पाढे तोंडपाठ असलेला, श्रावणात तापाने आठवडाभर घरी राहिला आणि नंतर शाळेला निघताना त्याला ओकारी येऊ लागली. डॉक्टरांनी तपासले, शरीरात काही नव्हते. रविवारी तो उत्तम जेवायचा. वडिलांनी सायकल कबूल केली, मग थोबाडीत दिली. आजीने विचारले, ‘‘बाई मारतात का रे?’’ तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, एक मुलगा डबा खातो. तिसऱ्या दिवशी म्हणाला, शाळेच्या संडासाला वास येतो. तिन्ही गोष्टींची चौकशी झाली. संडासाचे खरे होते, ते धुवून घेतले. बाकीचे ठरले नाही. मग सगळे म्हणू लागले, पोरगा लबाड आहे.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा समुपदेशन करणाऱ्या बाई येतात. त्यांनी आधी हा ‘लबाड’ शब्द बंद करायला लावला. दुखणे खोटे नसते, त्या म्हणाल्या; घाबरलेल्या मुलाचे पोट खरेच आवळते, फक्त त्याचे मूळ पोटात नसते. अमेरिकेतल्या कर्नी ह्यांच्या अभ्यासावरून त्यांनी आम्हांला चार दिशांनी पाहायला शिकवले. शाळेतल्या कशाने तरी मूल नकळत कष्टी होते का? चारचौघांत बोलणे, परीक्षा, हसे होणे टाळते आहे का? घरच्या माणसाची जवळीक हवी आहे का? की घरी मोबाइल, दूरचित्रवाणी, मऊ अंथरूण असे काही शाळेपेक्षा गोड आहे? एकाच मुलात दोन-तीन दिशाही मिळतात. कारण शोधू नये असे नव्हे. छळ होत असेल, कोणी हात उगारत असेल, अक्षरे लागत नसतील, तर ते पाहिलेच पाहिजे, आणि तेही मोठ्यांनी शाळेत जाऊन पाहिले पाहिजे. पण ते मुलाच्या तोंडून सकाळी दहाच्या ठोक्याला वसूल करू नये.

आणि कारण कळेपर्यंत थांबूनही चालत नाही. घरी काढलेला प्रत्येक दिवस उंबरा वीतभर उंच करतो. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या. पुन्हा उघडल्यावर किती घरांनी हा अनुभव घेतला ते वाचकांना आठवत असेल. तेव्हा त्या मुलाला आम्ही लगेच, पण पायरीपायरीने आणले. रोज नेहमीच्या वेळी उठणे, अंघोळ, गणवेश, हे सुटले नाही. घरी राहण्याच्या तासांत ना लाड, ना बोलणी. पहिले दोन दिवस तो शाळा सुटायच्या वेळी नुसता फाटकापर्यंत आला. मग माझ्या बालवाडीत बसून त्याने लहानग्यांना कागद वाटले, अर्धा तास. मग वर जाऊन चित्रकलेचा तास. मग मधल्या सुटीपर्यंत. आईने फाटकाशी हात सोडायचा आणि वळून न पाहता जायचे, हे ठरले होते. ते त्या माउलीला मुलापेक्षा जड गेले. आजीला एकच सांगितले की, सुनेने आणि मुलाने ठरवले त्याच्याविरुद्ध सकाळी बोलायचे नाही. चौथ्या आठवड्यात तो पूर्णवेळ बसू लागला. त्या तापाच्या आठवड्यातच त्याच्या आईलाही चक्कर येऊन दवाखान्यात न्यावे लागले होते, हे आम्हांला फार नंतर बोलता बोलता समजले. कारण तेच होते का? मुलाने कधी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. ह्यावर मी कथा लिहिली तर संपादक म्हणतील, बाई, शेवट कुठे आहे?

न विचारण्याची ही कला ज्या पुस्तकात मला पूर्ण उतरलेली दिसली ते जपानचे आहे. तेत्सुको कुरोयानागी ह्यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली निघाले; मराठीतही ते कितीतरी घरांत आहे. तोत्तोचान शाळेला नको म्हणत नाही. शाळाच तिला नको म्हणते, पहिलीत काढून टाकते. आई तिला हे सांगत नाही, ती विशीची होईपर्यंत सांगत नाही. आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या नव्या शाळेत ती जाते तेव्हा मुख्याध्यापक कोबायाशी तिला आधीच्या शाळेबद्दल एक अक्षर विचारीत नाहीत. तुला वाटेल ते सांग, म्हणतात, आणि चार तास ऐकतात. तिचे सांगण्यासारखे सारे संपते, तोवर ऐकतात. पुष्कळांना ह्या पुस्तकातले डबे आठवतात, मला ते चार तास आठवतात. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात चार तास कुठून आणायचे हे मलाही कळत नाही. पण चार मिनिटे निघतात.

आणि तरीही, ज्या जातीच्या मुलाला शब्द नाही असे मी म्हटले, त्याचे खरे चित्र पाहायचे तर रवींद्रनाथांकडेच परत जावे लागते; आठवणींकडे नव्हे, ‘छुटी’ ह्या कथेकडे. आठवणी लिहिताना ते हसले. ही कथा लिहिताना हसलेले नाहीत. फटिक हा खेड्यातल्या पोरांचा म्होरक्या. मामा त्याला शिकायला कलकत्त्याला आणतो. मामीला तो नकोसा. शाळेत तो सर्वांत ढ. मार मुकाट्याने खातो, आणि इतर पोरे खेळायला गेली की खिडकीशी उभा राहून लांबच्या घरांच्या गच्च्या बघतो. पुस्तक हरवते. हा मुलगा शाळेत जाणार नाही असे कधीच म्हणत नाही, रडत नाही, पोट दुखते म्हणून सांगत नाही. लेखक त्याच्या मनाची उकल करीत बसत नाहीत. त्याचे शरीर बोलते. त्याला ताप भरतो, तो कोणाला न सांगता घराबाहेर पडतो, आणि भर पावसात पोलीस त्याला परत आणतात. तापाच्या भ्रमात तो नदीचे पाणी मापणाऱ्या खलाशांसारखा वाव मोजीत राहतो. त्याला तळ लागत नाही. आई पोचते तेव्हा तो तिला एवढेच सांगतो की आपल्याला आता सुटी लागली.

त्याआधी, बरा असताना, त्याने मामाला एकच गोष्ट विचारली होती: घरी कधी जायचे? मामा वाईट माणूस नाही. त्याने कॅलेंडर पाहिल्यासारखे उत्तर दिले की, कार्तिकात पूजेची सुटी लागेल तेव्हा. कार्तिक अजून लांब होता.